कोर्टाच्या वहीतले रस्ते

व्हर्जिनियातला अठराव्या शतकातला रस्ता शोधायचा म्हटले की हात आधी नकाशाकडे जातो. पण जोशुआ फ्राय आणि पीटर जेफरसन यांच्या १७५१ सालच्या नकाशात दिसतात त्या मोठ्या वाटा. गिरणीकडे किंवा चर्चकडे वळणारी गाडीवाट त्यात मावत नाही. ती सापडते काउंटी कोर्टाच्या हुकूमवहीत, कर्जाचे दावे आणि मृत्युपत्रे यांच्या गर्दीत, कारण रस्ते कोर्टाच्याच अखत्यारीत होते. चारदोन माणसांनी जागा पाहून यावे, मग अमक्या ओढ्यापासून तमक्याच्या गिरणीपर्यंत वाट मोकळी करावी आणि तिच्यावर एक सर्व्हेयर नेमावा, अशा त्या नोंदी. ‘सर्व्हेयर’ हा शब्द मात्र फसवा. सर्व्हेयर साखळी घेऊन मोजणी करत नसे. तो त्या वाटेचा मुकादम.

हुकूम निघाला म्हणून रस्ता झाला असे थोडेच असते? ही शंका रास्तच आहे. कागदावरचे रस्ते आपल्याला परके नाहीत. म्हणून एकट्या हुकुमावर विसंबू नये, नोंदींची साखळी पाहावी. जुन्या सर्व्हेयरच्या जागी नवा येतो, पुढे डागडुजीत हयगय केल्याबद्दल ग्रँड ज्युरी त्याला कोर्टापुढे उभा करते. वहिवाटीत नसलेल्या वाटेपायी इतका खटाटोप होत नाही. तसेच ‘मोकळी करणे’ म्हणजे दर वेळी नवी वाट नव्हे. कधी जुन्याच पायवाटेला कोर्टाचा शिक्का बसे.

नॅथॅनिएल मेसन पॉलेट यांनी १९७० च्या दशकात शार्लट्सव्हिलच्या सरकारी महामार्ग संशोधन संस्थेतून काउंटीवार हुकूम छापायला सुरुवात केली, ती याच भरवशावर. पण हॅनोव्हर काउंटीचे बरेचसे दप्तर १८६५ मध्ये रिचमंडच्या आगीत जळाले. तिथे उपयोग होतो शेजारणीचा: १७४२ मध्ये हॅनोव्हरमधूनच वेगळ्या झालेल्या लुइझाच्या वहीत सीमेपर्यंत आलेली वाट पलीकडे नक्कीच थांबली नसणार. त्याआधीच्या काळासाठी मात्र हा आधारही तुटतो.

या वह्यांतून दिशेपेक्षा जास्त कळते ती मेहनतीची वाटणी. सोळा वर्षांवरील कष्टकरी पुरुषांना रस्त्यावर राबणे सक्तीचे. आपल्याकडची वेठच म्हणा. जमीनदार आपल्या गुलामांना पाठवून मोकळा होई. हुकुमात नाव येते मालकाचे. झाडे तोडणारे, बुंधे उपटणारे तिथे फक्त ‘अमक्याची माणसे’ असतात.