मांजरांमधील अस्थी व सांध्यांच्या विकारांचे निदान

मांजरांमधील अस्थी व सांध्यांच्या विकारांचे निदान कठीण असते, कारण मांजर वेदना लपवते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ वर्षांवरील १०० मांजरांपैकी ९० मांजरांच्या क्ष-किरण चित्रांत सांध्यांची झीज आढळली.

लक्षणे
उंच उडी टाळणे, अंग चाटून स्वच्छ न ठेवणे व चिडचिडेपणा ही प्रमुख लक्षणे होत. दोन्ही बाजूंचे सांधे सारखेच झिजल्यास लंगडणे दिसत नाही. अशा वेळी घरातील हालचालींचे चित्रीकरण उपयोगी पडते.

तपासणी
पशुवैद्य सांधे चाचपून दोन दिशांनी क्ष-किरण चित्रे घेतात; चित्रातील झीज व प्रत्यक्ष वेदना यांचा मेळ बसतोच असे नाही. आहाराची चौकशीही महत्त्वाची असते : निव्वळ मांसावर वाढवलेल्या पिलांची हाडे कॅल्शियमअभावी ठिसूळ होतात, तर सतत यकृत खाऊ घातल्यास ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अतिरेकाने मानेचे मणके एकमेकांस जुळतात. मागचे पाय अकस्मात लुळे व थंड पडल्यास रक्ताच्या गुठळीचा संभव असतो व तातडीच्या उपचारांची गरज असते.

दक्षता
माणसांसाठीचे पॅरासिटामॉल मांजरांस प्राणघातक ठरते. मराठवाड्यात परभणी व उदगीर येथे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत.