पुंगोलचा किनारा आणि मोजमापाचे कर्तव्य



तोरेच्या पाचव्या पुस्तकात, म्हणजे अनुवादाच्या २१व्या अध्यायात, एक विलक्षण विधी सांगितला आहे. उघड्या रानात कोणाचे प्रेत आढळले आणि मारेकरी कोण ते कळेना, तर वडीलधाऱ्यांनी व न्यायाधीशांनी तेथे जाऊन आसपासच्या गावांपर्यंतचे अंतर मोजावयाचे. जे गाव सर्वांत जवळचे ठरेल, तेथील वडीलधाऱ्यांनी कधीही जुंपली न गेलेली कालवड ओढ्याच्या खोऱ्यात नेऊन तिची मान मोडावयाची, तिच्यावर हात धुवावयाचे आणि या रक्तपाताशी आपला संबंध नसल्याचे जाहीर करावयाचे. मिश्नेचे पंडित विचारतात, वडीलधाऱ्यांनी खून केला असेल अशी शंका तरी कोणाला येणार? त्यांनीच दिलेल्या उत्तराचा आशय असा, की तो माणूस आमच्या दारी आला असता त्याला अन्नावाचून वा सोबतीवाचून आम्ही वाटेला लावले नाही, अशी ती ग्वाही आहे. गमारा आणखी पुढे जाते. जवळचे गाव कोणते हे उघड दिसत असले, तरीही मोजमाप करावेच, कारण मोजणे ही स्वतःच एक मित्स्वा आहे.

आज या विधीच्या प्रकाशात सिंगापूरमधील एका किनाऱ्याची हकीकत आपणांपुढे मांडावयाची आहे.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी ब्रिटिशांनी सिंगापूर जपानी सैन्याच्या स्वाधीन केले. तीन दिवसांनी ‘सूक चिंग’, म्हणजे शुद्धीकरणाच्या नावाखाली निर्मूलन, ही मोहीम सुरू झाली आणि ती ४ मार्चपर्यंत चालली. चिनी वंशाच्या पुरुषांना तपासणी-केंद्रांवर हजर राहण्याचा हुकूम निघाला. तपासणीस निश्चित कसोटी नव्हती. कोणी शिक्षक होता म्हणून, कोणाच्या अंगावर गोंदण होते म्हणून, तर कोणाकडे बुरखाधारी खबऱ्याने बोट दाखविले म्हणून बाजूला काढला गेला. सुटलेल्यांच्या कागदावर, कपड्यावर वा अंगावर शिक्का उमटविला जाई. बाकीचे मालमोटारींत भरले जात.

अप्पर सेरंगून रस्त्यालगतच्या वस्तीत घरोघर झडती घेऊन सुमारे १,००० चिनी पुरुष पकडण्यात आले. त्यांपैकी ३०० ते ४०० जणांना २८ फेब्रुवारी रोजी ‘होजो केंपेई’ या साहाय्यक लष्करी पोलिसांच्या तुकडीने पुंगोलच्या किनाऱ्यावर गोळ्या घातल्या. युद्धानंतर कित्येक दशकांनी तेथे आमिषासाठी गांडुळे खणणाऱ्या एका माणसाला मानवी कवटी सापडली. तिला सोन्याचे दोन दात होते. त्या दातांवरून माणूस ओळखणारे कोणीतरी एके काळी खचितच असेल.

या हत्यांचा तपास झाला नाही, असे नाही. १९४७ मध्ये सात जपानी अधिकाऱ्यांवर सिंगापुरात खटला चालला. गोळीबारातून वाचलेल्या काहींनी साक्षी दिल्या. कावामुरा आणि ओइशी यांना फाशी झाली, पाच जणांना जन्मठेप. परंतु मोहिमेचा सूत्रधार मानला जाणारा त्सुजी मासानोबू हाती लागला नाही. तो वेषांतर करून निसटला, पुढे जपानच्या संसदेत निवडून आला आणि १९६१ मध्ये लाओसमध्ये नाहीसा झाला. मृतांचा आकडाही ठरला नाही. जपानी बाजूने सुमारे ५,००० मान्य केले, तर चिनी समाज ५०,००० सांगतो. पुंगोलपुरते बोलावयाचे तर ३०० आणि ४०० यांमधील अंतर म्हणजे शंभर घरे. त्या घरांतील माणूस मोजला गेला की नाही, हेच कोणी सांगू शकत नाही.

मनावर झालेल्या आघाताचे मूळ येथे आहे. प्रेत नाही, कबर नाही, मृत्यूची तिथी नाही. पौलीन बॉस या अमेरिकन अभ्यासिकेने अशा अवस्थेला जे नाव दिले, त्याचा अर्थ ‘अनिश्चित वियोग’ असा होतो. माणूस गेला म्हणावे तर पुरावा नाही, आहे म्हणावे तर तो परतत नाही, आणि शोकाला प्रारंभच होत नाही. आपल्या परंपरेला ही व्यथा नवीन नाही. पती बेपत्ता असलेल्या स्त्रीला आपण अगुना, म्हणजे बांधलेली, म्हणतो. तिची गाठ सुटावी म्हणूनच आपल्या पंडितांनी साक्षीचे कडक नियम शिथिल करून एका साक्षीदाराचा शब्दही ग्राह्य धरला. मृताविषयीचे सत्य जिवंतांसाठी किती आवश्यक असते, हे त्यांनी जाणले होते. सिंगापूरच्या त्या घरांना असा एकही साक्षीदार लाभला नाही. शिवाय बुरख्याआडचा खबऱ्या आपल्याच गल्लीतला तर नव्हता ना, हा संशयही मागे उरला. ज्या घरात प्रश्न विचारणे धोक्याचे होते, तेथे मुले न विचारण्यास शिकली.

सिंगापूरच्या यहुदी समाजालाही त्या काळाची झळ लागली. १९४३ मध्ये यहुदी पुरुषांना चांगी येथे स्थानबद्ध करण्यात आले. पुढे सिंगापूरचे पहिले मुख्यमंत्री झालेले डेव्हिड मार्शल युद्धकैदी म्हणून होक्काइडोला नेले गेले होते. हाल मोठे होते, परंतु कैद्याला निदान नाव असते, आणि नाव असलेला माणूस शोधता येतो. पुंगोलच्या वाळूवर उभ्या केलेल्यांना तेवढेही मिळाले नाही.

१९६२ मध्ये सिगलाप येथे सामूहिक कबरी सापडल्या, तेव्हा हा दबलेला शोक रस्त्यावर आला. १९६३ च्या ऑगस्टमध्ये सिटी हॉलसमोर लाखावर लोक जमले. १९६६ मध्ये जपानने ५ कोटी डॉलर देऊ केले, त्यांतील निम्मे कर्ज होते. १५ फेब्रुवारी १९६७ रोजी बीच रोडवरील नागरी युद्धस्मारकाचे अनावरण झाले. त्याच्या खाली अज्ञातांच्या अस्थींचे सहाशेहून अधिक कलश आहेत. पुंगोलच्या किनाऱ्यावर मात्र स्मृतिफलक लागला तो त्याहूनही कित्येक वर्षांनी. 

मिश्नेत असेही नमूद आहे, की खुनी वाढले तेव्हा कालवडीचा विधी बंद पडला. राजसत्ताच जेव्हा माणसे मारते, तेव्हा मारेकरी अज्ञात राहत नाही, आणि कालवडीने काही फिटत नाही. विधी थांबला तरी मोजण्याचे कर्तव्य मात्र उरते. आज पुंगोलमध्ये उंच इमारतींची नगरी उभी आहे, आणि तेथील सदनिकांत भारतातून आलेली, मराठी बोलणारी कुटुंबेही राहतात. त्या वाळूला सर्वांत जवळचे गाव आता तेच आहे. ज्यांच्या हातून काही घडले नाही, त्यांनाच तोरेने मोजावयास बाहेर बोलाविले होते, हे ध्यानी घ्यावे.

म्हणून विनंती इतकीच. सिंगापूरला आप्तांकडे जाल, तेव्हा मुलांना त्या फलकापाशी न्यावे आणि ‘३०० ते ४००’ हा आकडा अपुरा का राहिला, ते समजावून सांगावे. शेजारी एखादे वृद्ध चिनी आजोबा वा आजी असतील, आणि त्यांना बोलावेसे वाटले, तर त्यांच्या घरातून गेलेल्या माणसाचे नाव आदराने विचारावे. ते नाव लिहून घ्यावे. मोजणी अजून संपलेली नाही.