नवीन घोडा आणला आणि केस गळू लागले? औषध लावण्याआधी हे तपासा

लग्नसराईच्या तोंडावर घोडा विकत घेतला, गाडीत घालून गावी आणला आणि पंधरा-वीस दिवसांत त्याच्या मानेवर, पाठीवर किंवा शेपटीच्या मुळाशी चट्टे दिसू लागले. ज्यांचं घर वरातीच्या घोड्यावर चालतं, त्यांच्यासाठी हा मोठाच घोर असतो. चट्टे पडलेला घोडा वरातीला कोण बोलावणार?

मग व्हॉट्सॲपवर फोटो फिरतो आणि सल्ले येतात. कुणी करंजीचं तेल सांगतं, कुणी गाडीचं जळकं ऑइल, कुणी गोचिडांचं औषध, तर कुणी थेट इंजेक्शन. अडचण अशी की फोटोत सारखाच दिसणारा चट्टा पाच-सहा वेगवेगळ्या कारणांनी पडू शकतो. एका आजारावर चालणारं औषध दुसऱ्या आजारात त्रास वाढवतं. यातली बहुतेक दुखणी बरी होतात. पण एक आजार असा आहे, ज्यात उशीर केला तर घोडाच काय, माणसाचाही जीव धोक्यात येतो.

नव्या घोड्यालाच हा त्रास जास्त का होतो?

महाराष्ट्रात घोड्यांचे दोन मोठे बाजार सर्वांना माहीत आहेत. एक नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याचा, दत्तजयंतीच्या यात्रेतला. दुसरा नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावचा, खंडोबाच्या यात्रेतला. दोन्ही यात्रा डिसेंबरच्या आसपास भरतात आणि तिथे परराज्यांतूनही घोडे येतात. शेकडो जनावरं शेजारी-शेजारी बांधलेली असतात. एकच खरारा दहा घोड्यांवर फिरतो, एकाचं खोगीर दुसऱ्याच्या पाठीवर चढतं. बुरशी, उवा आणि खरजेचे किडे पसरायला एवढं पुरेसं असतं.

त्यात प्रवासाचा ताण. पाणी, चारा, माणसं सगळं एकदम बदलतं, त्यामुळे जनावराची प्रतिकारशक्ती काही दिवस कमी होते. बाजारात लागलेला संसर्ग घरी आल्यावर वर येतो. गजकर्णासारखी बुरशी लागण झाल्यानंतर साधारण १ ते ४ आठवड्यांनी दिसते. म्हणून खरेदीच्या दिवशी तुकतुकीत असलेला घोडा महिन्याभरात चट्ट्यांनी भरतो आणि विकणाऱ्याने फसवलं असं वाटतं. अनेकदा त्यालाही ते माहीत नसतं.

तिसरं कारण हवामान. राजस्थान किंवा खानदेशाच्या कोरड्या हवेत वाढलेला घोडा भंडाऱ्यात येतो, तेव्हा तो धानाच्या आणि तलावांच्या प्रदेशात येतो. पावसाळ्यात बांध्यांमध्ये पाणी साचलेलं, अंगण ओलं, हवेत दमटपणा आणि संध्याकाळी चिलटांचे थवे. या सगळ्याची त्याच्या कातडीला सवय नसते.

आधी या चार गोष्टी पाहा

काहीही लावण्याआधी घोडा उजेडात उभा करा, सगळ्या अंगावरून हात फिरवा आणि फोटो काढून ठेवा. मग चार प्रश्नांची उत्तरं लिहून काढा.

• केस नेमके कुठले गेलेत? पाठ, आयाळ, शेपटी, पाय की तंगाची जागा?
• खाज आहे का? घोडा भिंतीला, खांबाला अंग घासतो का?
• खालची कातडी कशी आहे? स्वच्छ, कोंडा आलेली, खपली धरलेली की गाठी आलेली?
• कधीपासून? इतर जनावरांना किंवा घरातल्या माणसांना काही झालंय का?

पशुवैद्यकालाही हीच माहिती हवी असते. निम्मं निदान इथेच होतं.

कोणत्या लक्षणाचा काय अर्थ?

नुसते केस झडणे : घोडा थंडीत जाड केस धरतो आणि दिवस मोठा होऊ लागला की ते टाकतो. डिसेंबरात आणलेल्या घोड्याचे फेब्रुवारी-मार्चमध्ये मूठ-मूठ केस निघाले तर घाबरू नका. कातडी उघडी पडत नसेल, खाज नसेल आणि खाली नवे तुळतुळीत केस दिसत असतील, तर हा ऋतूचा बदल आहे. जोराचा ताप किंवा मोठा ताण येऊन गेल्यावरही एक ते तीन महिन्यांनी केस गळतात आणि नंतर आपोआप येतात.

गजकर्ण : गोल चट्टे, कडेला तुटके केस, मध्ये कोंडा. बहुतेकदा खोगीर, तंग आणि लगाम लागतो तिथे सुरुवात होते. खाज फारशी नसते. ही बुरशी माणसाला लागते, लहान मुलांना जास्त. बरेच घोडे काही आठवड्यांत ते तीन-चार महिन्यांत आपोआप बरे होतात. तरी उपचार करायचे, कारण तोवर ते बाकीच्यांना लागण देत राहतात. बुरशीनाशक औषधाने अंग धुणं हा मुख्य उपाय. तितकंच महत्त्वाचं म्हणजे खरारा, झूल आणि खोगीर निर्जंतुक करणं. घोडा बरा केला आणि झूल तशीच ठेवली, तर लागण परत येते.

पावसाळी खपल्या : पाठीवर आणि पुठ्ठ्यावर, जिथून पाणी ओघळतं तिथे खपल्या येतात. खपली उचलली की केसांचा झुपका मुळासकट निघतो, रंगाच्या ब्रशसारखा. खाली ओलसर, लालसर जागा असते आणि हात लावला की घोडा अंग चोरतो. डर्माटोफिलस नावाच्या जिवाणूमुळे हे होतं. सतत ओली राहणारी कातडी ही त्याची आवडती जागा. घोडा कोरड्या जागी बांधणं हा अर्धा उपचार. क्लोरहेक्सिडिन किंवा पोव्हिडोन आयोडीनच्या सौम्य द्रावणाने जागा धुवावी, दहा मिनिटं तसंच ठेवावं, मग पुसून पूर्ण कोरडं करावं. सुटलेल्या खपल्या हलक्या हाताने काढाव्या. घट्ट बसलेल्या ओरबाडू नयेत.

उवा आणि खरूज : खाज प्रचंड. उवा आयाळीत आणि शेपटीच्या मुळाशी, जाड केस असताना जास्त सापडतात. नीट पाहिलं तर डोळ्यांना दिसतात. घोड्याच्या उवा माणसावर टिकत नाहीत. पहिल्या औषधाने लिखा मरत नाहीत, म्हणून साधारण दोन आठवड्यांनी उपचार पुन्हा करावा लागतो. खरजेचे किडे मात्र दिसत नाहीत. त्यासाठी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते.

फक्त शेपटी किंवा आयाळ घासणे : यामागे मुख्यतः दोन कारणं. एक, पोटातले जंत. यातली एक जात गुदद्वाराभोवती अंडी घालते आणि घोडा खाजेने शेपटी घासत राहतो. दुसरं, चिलटांच्या चाव्याची ॲलर्जी. ही चिलटं ओल्या चिखलात आणि शेणात वाढतात, संध्याकाळी आणि पहाटे चावतात. धानाच्या बांधीला लागून गोठा असेल तर हा त्रास ओढवणारच. त्या दोन वेळांना घोडा आत बांधणं, बारीक जाळी लावणं आणि पंखा चालू ठेवणं याचा चांगला उपयोग होतो, कारण चिलटांना वाऱ्यात उडता येत नाही.

साज घासणे : वरातीच्या घोड्याच्या अंगावर जड साज असतो. एकाच जागी दोन्ही बाजूंनी सारखे केस गेले असतील, तर आधी साज तपासा. घामाने कडक झालेली झूल कानसासारखी घासते. वेळीच बदलली नाही तर तिथे पुढे कायमचे पांढरे केस येतात.

कारण चाऱ्यातही असू शकतं

कातडी स्वच्छ आहे, खाज नाही, पण आयाळ आणि शेपटीचे लांब केस झडत आहेत. अशा वेळी घोडा काय खातो ते पाहा. सुबाभळीच्या पाल्यात मिमोसिन नावाचं द्रव्य असतं. शेळ्या-गुरांच्या पोटातले काही जिवाणू ते मोडून टाकू शकतात. घोड्याला ती सोय नाही. त्यामुळे रोज सुबाभूळ खाणाऱ्या घोड्याची आयाळ आणि शेपटी विरळ होते, कधी खुरांवर कडी उमटतात. सुबाभूळ बंद केली की केस परत येतात. शेळ्यांसाठी तोडून आणलेला पाला नव्या घोड्यापुढेही टाकला जातो, म्हणून हे लक्षात ठेवायला हवं.

नुसत्या तणसावर ठेवलेल्या घोड्याचे केसही रुक्ष होतात. धानाच्या तणसात प्रथिनं आणि खनिजं कमी असतात. हिरवा चारा, चंदी आणि खनिज मिश्रण यांची जोड हवीच. चारा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला, नाहीतर पोटदुखी ठरलेली.

हे करू नका

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात घोडे आणि तट्टू मिळून सुमारे ३.४ लाख उरले होते. २०१२ च्या तुलनेत ही घट ४५ टक्क्यांहून जास्त आहे. याचा परिणाम औषधाच्या दुकानात दिसतो. तिथे गुरांची आणि कुत्र्यांची औषधं असतात आणि तीच घोड्याला वापरली जातात. तिथेच चूक होते.

• अमिट्राझ : गोचिडांसाठी गुरांना लावतात ते हे औषध. घोड्याला चालत नाही. त्याने आतड्यांची हालचाल मंदावते आणि जीवघेणी पोटदुखी होऊ शकते. बाटलीवरचं नाव वाचल्याशिवाय गोचिडांचं कोणतंही औषध लावू नका.
• आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन : घोड्यासाठी हे औषध तोंडावाटे देण्याच्या पेस्टच्या रूपात सुरक्षित मानलं जातं. गुरांचं इंजेक्शन घोड्याला दिल्यास टोचलेल्या जागी गंभीर संसर्ग होऊ शकतो.
• स्टेरॉइड : खाज एका दिवसात थांबते, पण बुरशी असेल तर ती पसरते. काही घोड्यांना खुरांचा दाह होऊन लंगडेपणा येऊ शकतो.
• डिझेल, रॉकेल, जळकं ऑइल : कातडी भाजते. वर ऊन लागलं तर फोड येतात आणि मूळ आजार ओळखणंही अवघड होतं.

या लक्षणांना थांबायचं नाही

मागच्या पायाच्या आतल्या बाजूला ओळीने गाठी आल्या आहेत, त्या फुटून पिवळसर, चिकट पू येतो आहे, सोबत ताप किंवा नाकातून घट्ट स्राव आहे. हे ग्लँडर्स असू शकतं. कातडीवर दिसणाऱ्या या रूपाला फार्सी म्हणतात.

हा जिवाणूजन्य आजार घोडे, गाढवं आणि खेचरांना होतो आणि माणसालाही लागतो. त्यावर लस नाही. २००६ मध्ये महाराष्ट्रात त्याचा उद्रेक झाला आणि त्याच सुमारास उत्तरेतल्या राज्यांमध्येही तो सापडला. तेव्हापासून देशात अधूनमधून रुग्ण घोडे आढळत आले आहेत.

प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्यात ग्लँडर्सचा समावेश आहे. संशय आला तरी मालकाने कळवणं आणि जनावर वेगळं करणं बंधनकारक आहे. निदान रक्ताच्या तपासणीने होतं. हरियाणातल्या हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र या कामासाठी देशात ओळखलं जातं. आजार पक्का झाल्यास घोड्याला दयामरण द्यावं लागतं आणि मालकाला सरकारी भरपाईची तरतूद आहे. ही भीती वाटूनच काही जण गाठी लपवतात. पण त्या घोड्याची रोज मालिश करणारा हात घरातल्याच माणसाचा असतो.

अशाच गाठी दुसऱ्या, कमी घातक आजारांतही येतात. म्हणून मनाने निष्कर्ष काढू नका. तपासणी होईपर्यंत हातमोजे घाला, तोंड-नाक झाका, मुलांना दूर ठेवा आणि जखम उघड्या हाताने साफ करू नका.

भंडाऱ्यात मदत कुठे मिळेल?

सुरुवात गावाजवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून करा. घोडा हलवता येत नसेल तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. कातडीचे नमुने, बुरशीची तपासणी किंवा न बरा होणारा त्रास असेल, तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय भंडाऱ्याहून साधारण ६० किलोमीटरवर आहे. नेण्याआधी दोन-तीन दिवस कातडीवर काही लावू नका, नाहीतर नमुन्यात काही सापडत नाही.

पहिले ३० दिवस असे ठेवा

• नवा घोडा जुन्या जनावरांपासून वेगळा बांधा. बादली, खरारा, झूल वेगळी ठेवा.
• आधी जुन्या जनावरांचं काम करा, शेवटी नव्याचं. मग साबणाने हात धुवा.
• रोज अंगावरून हात फिरवा, आठवड्यातून एकदा त्याच जागांचे फोटो घ्या.
• शेणाची तपासणी करून मगच जंताचं औषध द्या.
• जमीन कोरडी ठेवा. तणस ओलं झालं की बदला.
• चट्ट्यावर साज चढवू नका. सुपारी घेतलेली असली तरी.

आणि पुढच्या वेळी बाजारात सौदा ठरवताना खोगीर उतरवून पाठ पाहा, शेपटी उचलून मूळ पाहा, मागच्या पायांच्या आतून हात फिरवा. ग्लँडर्सच्या तपासणीचा अहवाल आणि आरोग्य प्रमाणपत्र मागा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर पैसे खिशातच राहू द्या.