संगणकाची रोजकीर्द

आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा करतात. हळदकुंकू वाहिलेली ती लाल वही तुम्हीही लहानपणी एखाद्या दुकानात पाहिली असेल. व्यापाऱ्याच्या वह्या मुख्यतः दोन. एक रोजकीर्द : दिवसभरात जे घडलं ते घडलं त्याच क्रमाने उतरवायचं. दुसरी खतावणी : कीर्दीतल्या नोंदी ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायच्या, म्हणजे कोणाकडे किती येणं आहे ते एका नजरेत कळतं. मी शिक्षणाने कॉम्प्युटर इंजिनिअर. गेली दहा-बारा वर्षं कन्सल्टंट म्हणून इथल्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळतो. आमच्या धंद्याचा इतिहास चाळताना मला सारखं वाटतं की संगणकवाल्यांनी या दोन वह्याच नव्याने शोधून काढल्या, आणि त्याही ठेचा खात खात.

आधी काम काय ते सांगतो. कंपनीत सर्व्हर दोन-चार असतील तर माणूस एकेकावर लॉगिन होऊन सेटिंग बदलू शकतो. पाचशे असतील तर ते शक्य नाही. मग ते काम प्रोग्रॅमकडे सोपवतात. तो ठराविक वेळाने प्रत्येक मशीनवर जातो, काय असायला हवं आणि काय आहे ते ताडून पाहतो आणि फरक असेल तर दुरुस्त करतो. पण प्रोग्रॅमने काम केलं, हे मालकाला कळणार कसं?

युनिक्सच्या जगात याचं पहिलं उत्तर अगदी साधं होतं. क्रॉन नावाचा प्रोग्रॅम नेमून दिलेली कामं वेळेवर करायचा आणि जे काही आउटपुट निघेल ते मालकाला मेल करायचा. १९८०च्या दशकात बर्कलीच्या एरिक ऑलमन यांनी आपल्या सेंडमेल या प्रोग्रॅमसाठी सिसलॉग लिहिलं. वेळ, मशीनचं नाव आणि काय घडलं ते, एका ओळीत. ही झाली रोजकीर्द! ती पुढे इतकी रुळली की तिचं रीतसर वर्णन करणारा आरएफसी ३१६४ हा दस्तऐवज निघाला २००१ मध्ये, म्हणजे सगळं जग ती वापरायला लागल्यावर.

पण खतावणी अजून नव्हतीच. १९९३ मध्ये मार्क बर्गेस हे भौतिकशास्त्रज्ञ ओस्लो विद्यापीठात होते. तिथली तऱ्हेतऱ्हेची युनिक्स मशीन्स सांभाळता सांभाळता त्यांनी सीएफइंजिन लिहिलं. त्यांचा विचार मोठा सुंदर होता. मशीनला 'हे कर, मग ते कर' असं सांगायचं नाही. 'तू असं असायला हवंस' एवढंच सांगायचं. मशीन आधीच तसं असेल तर प्रोग्रॅमने काहीही करायचं नाही. १९९८च्या एका निबंधात तर त्यांनी याची तुलना शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीशी केली.

यामुळे नोंदीचा अर्थच बदलला. 'काम केलं' ही आता बातमी राहिली नाही. 'काही करावं लागलं' ही बातमी झाली. सीएफइंजिनची दुसरी आवृत्ती आउटपुट मेल करण्यापूर्वी ते मागच्या वेळच्या आउटपुटशी ताडून पाहायची. तेच असेल तर पुन्हा मेल नाही. रोज तीच तक्रार करणाऱ्याकडे शेवटी कोणी लक्ष देत नाही, हे या गृहस्थांनी ओळखलं होतं.

सीएफइंजिन वापरून झालेल्या ल्यूक केनीज यांनी २००५ मध्ये पपेट आणलं आणि तिथे खरी खतावणी सुरू झाली. पपेट डीफॉल्टने दर अर्ध्या तासाला धावतं. प्रत्येक फेरीनंतर मशीन मुख्य सर्व्हरला रिपोर्ट पाठवतं. त्यात प्रत्येक फाइलची, प्रत्येक सेवेची स्थिती असते, आणि शेवटी एकच शब्द : बदललं, बदललं नाही किंवा फसलं. यात चौथी एक स्थितीही दडलेली आहे, ती म्हणजे रिपोर्टच आला नाही. माझ्या मते ही सगळ्यांत महत्त्वाची. गप्प बसलेलं मशीन बरं आहे असं कधी धरू नये. २००९ मध्ये आलेल्या शेफमध्ये फेरी फसली तर कोणता प्रोग्रॅम चालवायचा तेही नेमता येऊ लागलं.

२०१२ मध्ये मायकेल डीहान यांनी ॲन्सिबल आणलं. शिकायला सोपं म्हणून ते झपाट्याने पसरलं. फेरी संपली की पडद्यावर मशीनवार हिशोब येतो : किती ठीक, किती बदलले, किती फसले, किती मशीन्सपर्यंत पोचताच आलं नाही. काउसे हा गमतीचा प्रोग्रॅम मशीनवर असेल तर कामांची नावं चक्क एक गाय बोलून दाखवते. वसुबारसेला आमच्याकडे यावरून विनोद ठरलेला! पण गंमत सोडा, ॲन्सिबल मुळात हा हिशोब जपून ठेवत नाही. खिडकी बंद केली की गेला. फाइलीत लिहायला वेगळं सांगावं लागतं. ही उणीव भरून काढायला २०१६ मध्ये 'आरा' हे वेगळं साधनच निघालं. ते प्रत्येक फेरी डेटाबेसमध्ये उतरवतं.

एवढा आटापिटा कशासाठी, असं तुम्ही विचाराल. एक अनुभव सांगतो. एका वित्तसंस्थेत रात्री सव्वादोनला सुरू होणारं काम कोसळलं. त्याच रात्री एक वाजता पुण्याच्या टीममधल्या एका नव्या मुलाने मंजूर झालेला एक बदल केला होता. सकाळच्या कॉलवर सगळी बोटं त्याच्याकडे! तो कंत्राटी, म्हणजे नोकरी गेल्यातच जमा. आम्ही रिपोर्ट उघडले. एकच्या फेरीत एकच फाइल बदललेली, त्याचीच. दीड आणि दोनच्या फेरीत काही नाही. अडीचच्या फेरीत भलतीच फाइल, ज्यात डेटाबेसचा पत्ता असतो ती, मूळपदावर आणलेली. म्हणजे दोन ते अडीचच्या मध्ये कोणीतरी हाताने ती बदलली होती. त्या मुलाचा संबंधच नव्हता. नोंद नसती तर हे सिद्ध कसं करणार होतो?

आता उलट बाजू. १ ऑगस्ट २०१२. नाइट कॅपिटल ही अमेरिकन शेअर दलाल कंपनी. नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता. तंत्रज्ञाने सातांवर चढवला, आठवा राहिला. दुसऱ्या कोणी ते तपासलं नाही. आठव्यावर २००३ पासून न वापरलेला जुना कोड होता, तो जागा झाला. साधारण ४५ मिनिटांत ४० लाखांच्या वर सौदे झाले आणि कंपनीचं ४६ कोटी डॉलरच्या वर नुकसान झालं. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाच्या २०१३च्या आदेशात याचा तपशील आहे, आणि त्यातली एक गोष्ट मला अजून अस्वस्थ करते. बाजार उघडण्याआधी कंपनीच्याच यंत्रणेने या बिघाडाचा उल्लेख असलेल्या ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना पाठवल्या होत्या. पण त्या धोक्याच्या सूचना म्हणून योजलेल्याच नव्हत्या आणि कोणी त्यांवर काही केलं नाही.

म्हणजे कीर्द लिहिलेली होती. खतावणीत 'आठपैकी सात' ही एक ओळ मात्र नव्हती, आणि ती पाहायची जबाबदारी कोणाची तेही ठरलेलं नव्हतं. म्हणून मी नव्या क्लायंटकडे गेलो की कोणतं सॉफ्टवेअर वापरता हे नंतर विचारतो. पहिला प्रश्न असतो : रोज सकाळी रिपोर्ट कोण वाचतं? बहुतेक ठिकाणी लोक एकमेकांकडे पाहतात.

वहीची पूजा वर्षातून एकदा केली तरी चालते. वाचावी मात्र रोज लागते.