तिजोरी आत गेली कशी?

अंबाजोगाईच्या आमच्या वाड्यात एक कोडं होतं. माजघरामागच्या खोलीचा दरवाजा रुंदीला सव्वादोन फूट, उंचीला पाच फुटांच्या आत. आणि त्या खोलीत उभी असलेली लोखंडी तिजोरी अडीच फूट रुंद, खोलीलाही तेवढीच. कशीही फिरवा, आडवी करा, तीन इंच जास्तच. सुट्टीत गेलो की आम्ही भावंडं आजीला विचारायचो, ही आत गेली कशी? आजी म्हणायची, तिजोरी आधी आली, वाडा मागून बांधला. तेवढ्यावर आमचं समाधान व्हायचं.

२०२३च्या उन्हाळ्यात वाडा विकला. घेणाऱ्याला जागा हवी होती, वाडा नको होता. पाडायच्या आधी तुमचं सामान काढा, एवढंच त्याचं म्हणणं. भांडी, पाट, देव, फोटो दोन दिवसांत निघाले. उरलं एक स्टीलचं कपाट आणि ही तिजोरी. चुलते म्हणाले, राहू दे, जेसीबीवाला काढील. आत्या म्हणाली, माझ्या आजोबांची तिजोरी जेसीबीने चेपलेली मला बघायची नाही. मग मी मोंढ्यात गेलो आणि हमालांची टोळी घेऊन आलो. पाच जण. त्यातले चार माझ्या वयाचे, पाचवे सत्तरीला टेकलेले मामा. मामा ओझं उचलत नव्हते. ते फक्त बघत होते.

आणि ते तिजोरीकडे बघतच नव्हते, भिंतीकडे बघत होते. "आत कशी गेली हे कळल्याबिगर भायेर कशी निघंल?" असं म्हणून त्यांनी पहारीच्या मागच्या टोकाने भिंत वाजवायला सुरुवात केली. धप, धप, धप. दरवाजापासून दोन हात सरकल्यावर आवाज बदलला. गिलावा खरवडला तर आत विटा. आमचा सगळा वाडा दगड-मातीचा, भिंती दोन हात जाड, आणि त्यात मधेच साडेतीन फूट रुंदीचा पक्क्या विटांचा पट्टा. त्या पट्ट्याच्या डोक्यावर बाभळीची एक तुळई आडवी टाकलेली. म्हणजे कुणीतरी भिंत फोडली, तिजोरी आत घेतली, विटांनी भोक बुजवलं, आणि बुजवताना वरचा भार तुळईवर घेऊन ठेवला. पुन्हा कधी फोडावी लागली तर माळवद खाली येऊ नये म्हणून.

घरफोडी हा शब्द आपण कुलूप तोडून झालेल्या चोरीलाही वापरतो. पण मातीच्या घरांच्या मुलखात तो शब्दशः खरा होता. चोर दाराच्या वाटेला जात नसत, रात्री भिंतीलाच भगदाड पाडत. आमच्या पणजोबांनी तिजोरीसाठी स्वतःच घरफोडी केली होती.

आता थोडं मागे जावं लागेल. बीड जिल्हा तेव्हा निझामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि अंबाजोगाईचं सरकारी नाव होतं मोमिनाबाद. इथले जुने वाडे तुम्ही पाहिले असतील तर त्यांची दारं आठवा. ठेंगणी, अरुंद, आतून अडसर लावायची. मान खाली घातल्याशिवाय आत जाता येत नाही, आणि मान खाली घालून येणाऱ्या दरोडेखोराला आतला माणूस सहज ठोकू शकतो, असं एक कारण सांगतात. दुसरं कारण साधं आहे. वर फूटभर मातीचं माळवद, त्याचं वजन पेलायला लाकूड लागतं आणि लांब लाकूड महाग. मोकळी जागा जितकी कमी ठेवाल तितकं बरं. म्हणून दारं लहान, खिडक्या जवळजवळ नाहीत, उजेड माळवदातल्या झरोक्यातून. धान्यसुद्धा दारातून आत येत नसे. बळद, म्हणजे भिंतीला धरून बांधलेली धान्याची बंद खोली, माळवदावर पोती चढवून वरच्या भोकातून भरायची. ही घरं आतलं बाहेर जाऊ नये म्हणून बांधली होती. बाहेरून काही मोठं आत येईल, हा विचारच त्यात नव्हता.

आणि विसाव्या शतकात नेमकी मोठी वस्तू यायला लागली. मुंबईत आर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली कुलपं बनवायला सुरुवात केली आणि काही वर्षांतच तिजोऱ्या. पोलादी कपाटं १९२३ पासून. त्याआधी चांगली तिजोरी म्हणजे विलायती. तिजोरी इतकी जड का, तर ती नुसतं लोखंड नसते. जुन्या पद्धतीत दोन पत्र्यांच्या मध्ये तुरटीसारखं क्षार असलेलं मिश्रण ठासून भरायचे. आग लागली की ते तापतं, त्यातून पाण्याची वाफ सुटते आणि आतला कागद जळायच्या उष्णतेला पोचत नाही. १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे दारूगोळ्याचं जहाज फुटलं आणि आसपासचा परिसर जळाला. त्या आगीत आपल्या तिजोऱ्यांमधली कागदपत्रं शाबूत राहिली, हे गोदरेज कंपनी पुढे अभिमानाने सांगत आली.

मधे एका मित्राने एक रील पाठवलं. अमेरिकेतल्या कुठल्याशा तळघरातून पिनबॉलचं मशीन काढतायत. सव्वाशे किलोच्या आसपासचं धूड, जिना चिंचोळा. पण त्याचे चार पाय बोल्ट काढून वेगळे होतात, मागचा दिव्यांचा डबा पुढे आडवा पडतो, आणि उरलेलं खोकं उभं करून ढकलगाडीवर बांधलं की पायरी पायरीने चढवता येतं. बनवणाऱ्यालाच माहीत होतं की हे मशीन आज या दुकानात, उद्या त्या. तिजोरी बनवणाऱ्याची इच्छा बरोबर उलटी. ती सुटी होऊ नये, हलू नये, चार माणसांनी रात्रीतून उचलून नेऊ नये. तिचं वजन हेच तिचं दुसरं कुलूप.

आमची तिजोरी आली १३५४ फसली साली. फसली हा निझामाच्या राज्यातला सरकारी सन. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९४४-४५. बीड शहराला रेल्वे पोचायला २०२५ उजाडलं, पण परळीला ती निझामाच्या काळातच आली होती. तेव्हा तिजोरी परळी स्टेशनवर उतरली आणि तिथून बैलगाडीने बालाघाटाचा चढ चढून मोमिनाबादला आली. पंचवीसेक किलोमीटर. आडतीचा धंदा होता, पैसा दोन प्रकारचा यायचा, निझामाचा हाली रुपया आणि इंग्रजी कलदार. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. तिजोरीत दोन वेगळे कप्पे होते ते यासाठी, हे मला आत्याकडून कळलं.

पुढच्या तीनच वर्षांत त्या वजनाने पणजोबांना दगा दिला. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या दहशतीने मराठवाड्यातली हजारो कुटुंबं संस्थानाच्या हद्दीबाहेर, नगर-सोलापूरकडे निघाली. आमचं घरही एका रात्री गाडी जुंपून निघालं. दागिने बायकांच्या अंगावर, वरून जुनेरी लुगडी. कलदार कमरेला. तिजोरी रिकामी करून, कुलूप लावून तिथेच. हलत नाही म्हणून जी घेतली, ती पळायच्या वेळीही हललीच नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, १७ तारखेला निझामाने शरणागती पत्करली, मंडळी परतली. तिजोरी जागेवर होती. मुठीपाशी छिन्नीचे घाव होते, ते अजूनही दिसतात. कुणीतरी रिकाम्या तिजोरीवर बराच वेळ घालवला होता. बळदातली ज्वारी मात्र दाणा न दाणा गेली होती. आजी ही गोष्ट सांगताना हसायची. कारवाईनंतरच्या दिवसांबद्दल मात्र ती गप्प असायची. तेव्हा घरं सोडायची पाळी मुसलमान कुटुंबांवर आली होती, आणि त्यांच्यावर जे झालं ते सुंदरलाल समितीने लिहून ठेवलंय. आमच्या गल्लीतल्या दोन वाड्यांचे मालक त्या साली बदलले, एवढंच ती म्हणायची.

कपाटाची गोष्ट त्यामानाने सोपी. ते आत्याच्या लग्नाआधी, सत्तरच्या दशकात आलं. उंची साडेसहा फूट, रुंदी तीन, खोली दीड फुटाहून थोडी जास्त. अशी कपाटं कुशीवर आडवी केली की अरुंद दारातून जातात. खरी अडचण वळणावर आणि उभं करताना. काटकोनात वळणाऱ्या बोळातून जास्तीत जास्त किती मोठा सोफा नेता येईल, हा गणितातला खरोखरचा प्रश्न आहे. लिओ मोझर यांनी तो १९६६ साली मांडला, जोसेफ गर्व्हर यांनी १९९२ साली एक आकार सुचवला, आणि त्याहून मोठा शक्यच नाही ही सिद्धता थेट २०२४ साली आली, शंभराहून अधिक पानांची. मामांनी कपाट बोळातून वळवायला दहा मिनिटं घेतली. उभं करण्याचं गणित त्यांनी मला तोंडी सांगितलं. कपाट कुशीवरून सरळ उभं करायला गेलात तर त्याचा वरचा कोपरा सव्वासात फुटांजवळ जाऊन येतो आणि सात फुटांवरच्या तुळईला अडतो. आधी पाठीवर निजवायचं आणि मग उचलायचं, म्हणजे पावणेसातात काम होतं. मी फोनवर कर्ण काढून बघितला. बरोबर होतं.

"तुम्हाला कसं माहीत इथली तुळई सात फुटांवर आहे?"

"मीच आणलंय की हे आत," मामा म्हणाले. "टकुरं फुटलं होतं माझं त्या तुळईला."

मला काय बोलावं सुचेना. आत्या बाहेर ओसरीवर बसली होती, तिला विचारलं. तिला कपाटाचा रंग, किंमत, कुठल्या मामाने दिलं, सगळं आठवत होतं. कुणी आणलं ते आठवत नव्हतं.

तिजोरी निघायला पूर्ण दिवस गेला. विटा काढल्या, तुळईखाली तरीही दोन टेकू दिले. पहारीने एक कड बोटभर उचलायची, ठोकळा सारायचा, दुसरी कड उचलायची. चार बोटं उंच झाल्यावर खाली लोखंडी पाइपचे तुकडे. मग ढकलायचं, मागे सुटलेला पाइप पुढे आणून टाकायचा. फरशीवर ओलं गोणपाट. कुणी ओरडत नव्हतं, फक्त मामा हात वर करायचे आणि सगळे थांबायचे. एकदाच ती कलली. भगदाडातून उतरताना एक ठोकळा फुटला आणि सगळं वजन एका पोराच्या पायाच्या दिशेने गेलं. मामांनी हात वर केला नाही, नुसतं "सोड" म्हणाले. पोराने पहार सोडली आणि मागे उडी मारली. तिजोरी फरशीत चार बोटं रुतून बसली. तो पोरगा पायातली स्लीपर काढून बराच वेळ आपली बोटं बघत होता. मी त्याला बूट का घातले नाहीत विचारलं आणि लगेच मला लाज वाटली. टोळीशी पैसे ठरवताना मी बुटांचा विषय काढला नव्हता.

रात्री पणजोबांचे रोजमेळ चाळले. मोडीत आहेत, त्यामुळे फोटो काढून एका मोडी वाचणाऱ्या ओळखीच्या माणसाला पाठवले. दोन दिवसांनी उत्तर आलं. १३५४ फसलीच्या एका आठवड्यात ओळीने नोंदी आहेत. तिजोरीची किंमत. परळीपासून गाडीभाडं, गाडीवानाच्या नावासकट. पक्क्या विटा. चुना. बाभळीचं लाकूड. गवंडी, नावासकट. आणि मग, 'हमाली, गडी आठ'. एवढंच. गाडीवानाकडे बैल होते, गवंड्याकडे थापी होती. या आठांकडे पाठ होती, तिला नाव लागलं नाही. महाराष्ट्रात माथाडी कायदा आला १९६९ साली. त्यानंतर मंडळात नोंद झालेल्या हमालाचं नाव वहीत चढायला लागलं, भविष्यनिर्वाह निधी, भरपाई यांची भाषा सुरू झाली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली एका पुरुषाने उचलायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सुचवली होती. घरातलं ओझं मात्र अजून तोंडीच ठरतं, जसं मी ठरवलं.

वाडा पाडायची घाई का, असं मी चुलत्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, किल्लारीनंतर आम्ही त्या माळवदाखाली नीट झोपलोच नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी भागात हजारो माणसं अशाच दगड-मातीच्या भिंतींखाली आणि माळवदांखाली गेली. त्यानंतर मराठवाड्यात कित्येकांनी माळवदाची माती खरवडून वर पत्रे टाकले. आम्ही टाकले नाहीत. आजोबा म्हणायचे, तिजोरी असलेल्या घरावर पत्रे शोभत नाहीत.

शेवटी आत्याच्या नव्या फ्लॅटमध्ये तिजोरी गेलीच नाही. दुसरा मजला, लिफ्ट चार माणसांची. ट्रॉलीत घालून काट्यावर नेली. सहाशे चाळीस किलो भरली. भंगारवाला आतला भरणा वजनातून वजा करा म्हणत होता, कारण ते लोखंड नाही. मामा त्याच्याशी भांडले आणि निम्म्यावर तोडलं.

परतताना मी त्यांना त्यांच्या घराबद्दल विचारलं. धारूरच्या बाजूला वस्तीवर राहतात. मुलगा आणि सून दसऱ्यानंतर ऊसतोडीला कारखान्यावर जातात, उन्हाळा लागता परततात. घरात सुनेच्या लग्नातलं कपाट आहे, सहा महिने कुलूप घालून. मी विचारलं, ते कसं नेलं आत?

"त्याला काय लागतंय? मागचा पत्रा खोलला आन् सरळ आत. चार नट."

उतरताना मी त्यांचं नाव विचारलं, म्हटलं कुठेतरी लिहून ठेवतो. "नाव लिहून काय करता? नंबर घ्या," ते म्हणाले. "फ्लॅटात बी कपाटं असतेत की."