दाढीचा गव्हर्नर आणि चळलेली सुई

दीवची तटबंदी पुन्हा उभारण्यासाठी १५४६ साली गोव्याच्या नागरिकांकडे स्वतःच्या दाढीचे केस तारण धाडणारा गव्हर्नर, एवढीच दों जुआंव दे कास्त्रो याची ओळख आपल्याकडे उरली आहे. त्याने समुद्रावर केलेल्या नोंदी मात्र त्या दाढीहून मोलाच्या आहेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१५३८ साली तो लिस्बनहून गोव्यास निघाला. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून ढळते, हे तेव्हाच्या दर्यावर्दींना ठाऊक होते. या ढळण्यावरून जहाज पूर्वेस वा पश्चिमेस किती सरकले हेही कळेल, अशी कित्येकांची आशा होती. कास्त्रोने ते मोजून पाहण्याचे ठरविले. गणिती पेद्रो नूनिश याने योजिलेले छायायंत्र त्याच्याजवळ होते : आडव्या चकतीच्या मध्यावर उभी सळई आणि सोबत होकायंत्र. सूर्य माध्यान्हापूर्वी व नंतर समान उंचीवर असताना पडणाऱ्या दोन छाया टिपायच्या. त्यांच्या बरोबर मध्यातून खरी उत्तर-दक्षिण रेषा जाते. सुई तिच्यापासून जितकी दूर, तितके तिचे ढळणे.

५ ऑगस्ट रोजी मोझांबिक येथे आकडे काही केल्या जुळेनात. नकोसे आकडे गाळून टाकणे सोपे होते. कास्त्रोने सभोवार शोध घेतला. जवळच तोफ होती. तिचे लोखंड सुईला ओढीत होते! दिशा दाखविणाऱ्या यंत्रास जहाजावरचेच लोखंड फसविते, हे निरीक्षणाने दाखवून लिहून ठेवणाऱ्यांत त्याचे नाव अग्रभागी घेतले जाते.

पुढे गोव्याहून दीवकडे जाताना वसईजवळ सुई पुन्हा बेताल झाली. या वेळी त्याने संशय घेतला तो जवळच्या खडकांचा. ज्या काळ्या पाषाणाच्या पायऱ्यांवरून आपण विहिरीत उतरतो, त्यात चुंबकीय खनिज असते. तेव्हा तो संशय निराधार नव्हता. सुईच्या ढळण्यावरून रेखांश काढण्याची आशा मात्र त्याच्या आकड्यांपुढे टिकली नाही.

६ जून १५४८ रोजी गोव्यात त्याने प्राण सोडला. अखेरच्या दिवसांत संत फ्रान्सिस झेवियर त्याच्याजवळ होते. त्याच्या वह्या हस्तलिखितांतच पडून राहिल्या. गोवा-दीव प्रवासाची वही छापली गेली १८४३ साली, लिस्बन-गोव्याची १८८२ साली. दरम्यान, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर मॅथ्यू फ्लिंडर्स या इंग्रज नाविकास जहाजातील लोखंडाची हीच ओढ नव्याने तपासावी लागली.