मेंढीची ग्रंथी आणि बारीक होण्याची गोळी

थायरॉइड मंदावल्यावर वाढणारे वजन बहुतांशी पाण्याचे असते, चरबीचे थोडे. एवढी साधी गोष्ट वैद्यकाने चोखपणे मोजून दाखवीपर्यंत शंभराहून अधिक वर्षे गेली. दरम्यान मेंढ्या, डुकरे आणि गायीबैलांच्या गळ्यातील या ग्रंथीच्या भुकटीवर बारीक होण्याच्या औषधांचा धंदा उभा राहिला, फोफावला आणि कायद्याच्या कचाट्यात सापडला.

१८७३ साली लंडनच्या क्लिनिकल सोसायटीपुढे सर विल्यम गल यांनी पाच स्त्रियांची हकीकत मांडली. प्रौढ वयात त्यांचे चेहरे रुंद व सुजट झाले होते, जीभ जाडावली होती, हालचाली आणि बोलणे संथ झाले होते. पुढे विल्यम ऑर्ड यांनी या विकाराला मिक्सीडीमा हे नाव दिले. साध्या सुजेवर बोट दाबले की खड्डा पडतो. या सुजेवर पडत नाही. त्वचेखाली पाणी धरून ठेवणारे चिकट द्रव्य साचल्याने ती येते. त्याच सुमारास बर्नचे शल्यविशारद थिओडोर कोखर गलगंड झालेल्यांची ग्रंथी पूर्ण काढून टाकत होते. शस्त्रक्रिया यशस्वी, पण काही महिन्यांनी रुग्ण फुगलेले, मंद आणि थंडीने कुडकुडणारे, असे त्यांना १८८३ मध्ये कबूल करावे लागले. दोन्ही चित्रे एकच आहेत, हे त्याच वर्षी लंडनच्या फेलिक्स सेमन यांनी सुचवले. तेव्हा ते फारसे कोणी मनावर घेतले नाही. सोसायटीने नेमलेल्या समितीने १८८८ च्या अहवालात मात्र तेच मान्य केले.

उपाय सापडला न्यूकॅसलमध्ये. १८९१ साली जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरांनी मेंढीच्या ताज्या ग्रंथीचा ग्लिसरिनमध्ये अर्क काढून ४६ वर्षांच्या एका बाईला टोचायला सुरुवात केली. काही आठवड्यांत चेहऱ्याची सूज उतरली आणि बोलणे पूर्वीसारखे झाले. ती बाई पुढे २८ वर्षे जगली आणि ७४ व्या वर्षी वारली. तेवढ्या काळात तिच्या औषधासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, असा हिशेब मरे यांनी नंतर दिला. १८९२ मध्ये सुईचीही गरज नाही असे दिसले. ग्रंथी पोटातून दिली तरी तोच गुण येत होता. प्लिमथच्या डॉ. फॉक्स यांनी तर ती हलकी परतून, बारीक चिरून करंट या फळाच्या जेलीबरोबर खायला दिली. लवकरच वाळवलेल्या ग्रंथीच्या गोळ्या बाजारात आल्या, आणि खाटीकखान्यात फेकून दिला जाणारा हा तुकडा औषध कंपन्यांचा कच्चा माल झाला.

उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत लघवी वाढे, सूज ओसरे आणि काटा झरझर खाली येई. डॉक्टरांच्या टिपणांत वजनातील ही घट ठळकपणे नोंदली जाई. ज्यांची ग्रंथी ठणठणीत आहे पण अंग सुटले आहे, अशांनाही हेच औषध लागू पडेल, हा तर्क तिथून एका पावलावर होता. १८९४ मध्येच जर्मनीत लाइश्टेनश्टर्न यांनी आणि लंडनमध्ये यॉर्क-डेव्हिस यांनी लठ्ठपणावर थायरॉइडच्या गोळ्यांचे अनुभव प्रसिद्ध केले. हे यॉर्क-डेव्हिस श्रीमंतांचे आहारतज्ज्ञ म्हणून गाजलेले. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या विल्यम टॅफ्ट यांना ते १९०५ पासून पत्रांतून पथ्य सांगत.

तर्काला विज्ञानाचा टेकू मिळाला तो बर्लिनमध्ये. १८९५ मध्ये अडॉल्फ माग्नुस-लेव्ही यांनी रुग्ण किती प्राणवायू वापरतात ते मोजले. ग्रंथी मंद असलेल्यांचा वापर कमी भरला आणि अर्क दिल्यावर तो वाढला. शरीराची धग थायरॉइड ठरवते, हे सिद्ध झाले. यातून धग वाढवली की चरबी वितळेल असा निष्कर्ष सोयीस्करपणे काढला गेला. निरोगी ग्रंथीच्या माणसांत अर्काने नुसती चरबीच नव्हे तर स्नायूंतील प्रथिनेही झिजतात, हे त्याच दशकातील मोजमापांत दिसत होते. पण गिऱ्हाइकाला काट्यावरचा आकडा हवा होता. तो कशाचा उतरला हे विचारणारे थोडेच.

या समजुतीचा सगळ्यात गाजलेला माल म्हणजे अमेरिकेतील मार्मोला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बाजारात आलेल्या या गोळ्यांत वाळवलेली थायरॉइड ग्रंथी आणि जोडीला रेचके असत. ना पथ्य, ना व्यायाम, गोळी घ्या आणि बारीक व्हा, हा जाहिरातींचा सूर. डॉक्टरांच्या संघटनेने टीकेची झोड उठवली, तरी खप आटला नाही. १९२९ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने मार्मोला विकणाऱ्या रॅलाडॅम कंपनीला जाहिराती आवरायला सांगितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९३१ चा निकाल आज वाचतानाही चमत्कारिक वाटतो. डॉक्टरच्या देखरेखीविना हे औषध सुरक्षित नाही हे न्यायालयाला मान्य होते. पण तेव्हाचा कायदा व्यापारातील स्पर्धकांना वाचवण्यासाठी होता, आणि या गोळ्यांमुळे कुणा स्पर्धकाचे नुकसान झाले हे आयोगाला दाखवता आले नव्हते. सबब आदेश रद्द! प्रामाणिक स्पर्धक त्या बाजारात होता तरी कुठे, हा प्रश्न निकालाच्या कक्षेबाहेरचा. १९३८ मध्ये कायदा बदलून ग्राहकाची फसवणूक हाच गुन्हा ठरला. १९४२ मध्ये त्याच कंपनीविरुद्धचा दुसरा निकाल आयोगाच्या बाजूने लागला.

दरम्यान रसायनशास्त्र पुढे गेले होते. १९१४ च्या नाताळात मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांनी या ग्रंथीचे संप्रेरक, थायरॉक्सिन, स्फटिकरूपात वेगळे केले. १९२७ पर्यंत हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत बनवले. तरी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत औषधाच्या दुकानात राज्य होते ते वाळवलेल्या ग्रंथीचेच. बारीक होण्याच्या व्यवसायानेही नवे रूप घेतले. अमेरिकेतील वजन उतरवण्याच्या दवाखान्यांत रंगीबेरंगी गोळ्यांची पाकिटे मिळत. त्यांत थायरॉइडबरोबर भूक मारणारे ॲम्फेटामिन, लघवी वाढवणारे औषध, रेचक आणि कधी हृदयावरचे डिजिटॅलिसही असे. प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळे रंग मिळत, म्हणजे उपचार खास आपल्यासाठीच आहे असे वाटावे. लघवी आणि जुलाबांतून पोटॅशियम जाई, आणि तशात डिजिटॅलिस व थायरॉइड हृदयाला डिवचत. मृत्यू झाले. १९६८ मध्ये सिनेटच्या समितीपुढे चौकशी झाली आणि ही पाकिटे मागे हटली. थायरॉइडची औषधे लठ्ठपणासाठी वापरू नयेत, हा इशारा पुढे तिथल्या औषधांच्या माहितीपत्रकांत ठळक चौकटीत छापणे सक्तीचे झाले.

गोळी निरोगी माणसाला का फळत नव्हती, याचे उत्तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीत आहे. रक्तात थायरॉक्सिन पुरेसे दिसले की ती टीएसएच हा आपला हुकूम कमी करते आणि गळ्यातली ग्रंथी हात आखडता घेते. म्हणून मध्यम मात्रेत बाहेरून जेवढे येते तेवढे आतले घटते; वजन तिथेच. परिणाम दिसावा इतकी मात्रा चढवली तर थायरॉइड वाढल्याचा आजारच ओढवतो: धडधड, हातांना कंप, बिघडलेला हृदयाचा ठेका, ठिसूळ हाडे. १९८०च्या दशकात अमेरिकेच्या मिनेसोटा आणि शेजारच्या राज्यांत अशा आजाराची साथच आली. शोध घेता गोमांसाच्या खिम्यात गळ्याचे मांस, आणि त्याबरोबर थायरॉइड ग्रंथी, मिसळल्याचे आढळले. लोकांनी नकळत तेच खाल्ले होते जे एकेकाळी पैसे मोजून घेतले जाई.

१९६०च्या दशकात टीएसएच रक्तात मोजण्याची पद्धत निघाली आणि ती रुळल्यावर खऱ्या रुग्णांच्या उपचाराचीही फेरतपासणी झाली. तोवर मात्रा लक्षणांवरून आणि शरीराच्या धगीवरून ठरत असे. रोज २०० ते ४०० मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन सर्रास दिले जाई. ही मात्रा पुष्कळांना जास्त होती असे दिसले आणि ती सुमारे १०० ते १५० वर आली. आता ग्रंथीचे काम पूर्ण थांबलेल्या प्रौढासाठी वजनाच्या दर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम हा ढोबळ हिशेब धरतात. गोळी सकाळी अनशापोटी घ्यायची आणि सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासायचे.

वजनाचा हिशेब सर्वांत शेवटी लागला. २०११ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी नव्याने निदान झालेल्या रुग्णांना वर्षभर थायरॉक्सिन देऊन शरीरातील चरबी आणि बाकीचा भाग वेगवेगळा मोजला. सरासरी चारएक किलो वजन उतरले. चरबी होती तेवढीच राहिली. अभ्यास लहान होता, पण तो दवाखान्यातील जुन्या अनुभवाशी जुळतो. मंद थायरॉइडमुळे चढणारे वजन साधारण अडीच ते पाच किलो, आणि त्यातले पुष्कळसे मीठ आणि पाणी. धग कमी होते तशी भूकही मंदावते, म्हणून चरबीचे डोंगर साचत नाहीत.

भारतात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत, ज्यांत मुंबई आणि गोवाही होते, सुमारे ११ टक्के प्रौढांत थायरॉइड कमी असल्याचे आढळले. इतक्या लोकांच्या हाती हा रिपोर्ट असताना वाढलेल्या वजनाचे सगळे खापर त्यावरच फुटणे साहजिक आहे. वजन आणि टीएसएच यांचा संबंध मात्र उलट बाजूनेही चालतो. लठ्ठपणातच टीएसएच किंचित वर सरकतो आणि वजन उतरल्यावर पुन्हा खाली येतो. त्यामुळे थोडासा वाढलेला आकडा दरवेळी ग्रंथीचा आजार दाखवतोच असे नाही. आजार खरा असेल तर गोळीने पाणी उतरते, अंगात तरतरी येते आणि चालणे-फिरणे झेपू लागते. टीएसएच ठीक झाल्यावर उरलेली चरबी उतरवण्याचा मार्ग त्या रुग्णालाही इतरांसारखाच, खाणे आणि हालचाल यांचा मेळ घालत जाणारा.